नाव न विचारलेली माणसं

आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते आणि सकाळी काटेवाडीच्या रस्त्याला लागते. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्या धावतात. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. सगळं ठरलेलं. ठरलेलं नसतं ते एवढंच, की पिठलं वाढणाऱ्या हातावरून नजर वर गेली तर पुढे काय करायचं.

वारीत सगळ्यांना एकच हाक, माउली. वाढणारी माउली, जेवणारा माउली. नाव विचारायला निमित्तच उरत नाही. पंगत उठते, दिंडी हलते, आणि एखादा पोरगा पार बेलवाडीपर्यंत मागे वळून बघत राहतो. मागे नुसत्या पताका.

हे मोरोपंतांच्या गावात, बारामतीत घडतं याची मला गंमत वाटते. पन्हाळ्याहून आलेल्या पंतांनी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने इथे 108 रामायणं रचली म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ, ओठाला ओठ न लागता म्हणायचं. आमच्या पोरांनी त्यांच्या सगळ्या पसाऱ्यातून तेवढंच एक नेमकं उचललं.

ऊसतोडीच्या हंगामातल्या भेटी जरा लांबतात. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या येतात, माळेगाव-भवानीनगरचे कारखाने पेटतात. ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस, तो पोरगा रोज दोन म्हशींना पुरेल एवढं वाढं विकत आणायला फडावर जातो. मोळी बांधणारी ती पैसे मोजून घेते, कधी हसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडतो, हंगाम संपतो. सकाळी बघावं तर कोप्यांच्या जागी चुलीचे दगड. मुकादमाची उचल मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून तिकडे लग्नं लवकर उरकतात. पुढच्या हंगामाला ती आली, तर कपाळभर कुंकू लावून येते. तिला काय वाटलं असेल, हे कुणी विचारत नाही. चुकचुकत बसायला तिला वेळ कुठला? उजाडायच्या आत फडात उभं राहायचं असतं.

तो मात्र पन्नाशीतही सांगतो. निमगावच्या पानाला चुना लावत, डोळे बारीक करून. "नाव तेवढं विचारायला पाहिजे होतं राव." ऐकणारे हळहळतात. मीही हळहळायचो.

आता मला त्या हळहळीची शंका येते. नाव विचारलं असतं तर आडनाव कळलं असतं. आडनाव कळलं की गाव, गावावरून पाहुणे, पाहुण्यांवरून जात, आणि मग घरी आईपुढे तोंड उघडावं लागलं असतं. एवढं सगळं त्याला तेव्हाच कळत होतं. लाजाळू होता, बावळट नव्हता. परवा थोरल्यासाठी स्थळांचे कागद घेऊन बसला होता. मुलींचे फोटो पालथेच ठेवलेले. आधी आडनावं वाचत होता.