मामांची कॉन्टेसा

रविवारी पहाटे साडेपाच वाजता मल्लेश्वरमच्या त्या बोळात दोन आवाज होतात. आधी कुठल्यातरी देवळातली घंटा आणि पाठोपाठ आमच्या मामांच्या कॉन्टेसाचा स्टार्टर. पहिल्या झटक्याला ती चालू होत नाही. दुसऱ्याला खोकते, तिसऱ्याला जागी होते. मामा चोक ओढून धरतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. गवई तंबोरा जुळवताना ऐकतो ना, अगदी तसे. दोन मिनिटांनी चोक आत ढकलून म्हणतात, “हं, बस आता. झोप झाली तिची.”

मामा अठ्ठ्याहत्तरीचे, मूळचे बेळगावचे. 1969 साली एचएमटीत नोकरी लागली म्हणून बंगळूरला आले आणि जालहळ्ळीच्या कारखान्यात यंत्रे घडवण्यात त्यांची उमर गेली. शहराचे नाव 2014 मध्ये अधिकृतपणे बंगळुरू झाले, पण मामांच्या तोंडी अजून बंगळूरच. डिसेंबर 1990 मध्ये त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून ही गाडी घेतली. मामी म्हणे महिनाभर बोलल्या नव्हत्या.

आता कॉन्टेसा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. 1980च्या दशकात रस्त्यावर अँबॅसेडर, आपल्या कुर्ल्याची पद्मिनी आणि नव्याने आलेली मारुती 800. त्यात ही लांबलचक बॉनेटची, रुंद खांद्यांची गाडी आली. मंत्र्यांच्या ताफ्यात दिसायची आणि सिनेमातल्या खलनायकाच्या दारातही. मूळ साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, तिथे 1970च्या दशकात निघालेला. हिंदुस्तान मोटर्सने तो आणला, पण आत आधी अँबॅसेडरचेच दीड लिटरचे इंजिन बसवले. पहिलवानाच्या अंगात शाळकरी पोराचे काळीज! पुढे इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे गाडीला चेहऱ्याला शोभेल असा जीव आला. 2002 च्या सुमारास उत्पादन थांबले. आता हौशी लोक तिला ‘भारताची मसल कार’ म्हणतात. मामांना हे पटत नाही. “नव्वदीच्या आतली अश्वशक्ती,” ते म्हणतात, “मसल कसले? उगाच फुगवलेले दंड.”

मेखरी सर्कल, हेब्बाळचा पूल, येलहंका. रविवारची ही वेळ सोडली तर या रस्त्यावर गाडी चालवणे म्हणजे रांगेत उभे राहणेच. पण पहाटे बल्लारी रोड मोकळा असतो आणि शहरातल्या साऱ्या भारी गाड्या नंदी हिल्सच्या दिशेने सुटतात. आमच्या शेजारून काही भुर्रकन गेल्या. मामा साठच्या पुढे काटा जाऊ देत नाहीत.

देवनहळ्ळीच्या अलीकडे चहाच्या टपरीशी एक पिवळी फोर्ड मस्टँग उभी होती. तिचा मालक, तिशीचा तरुण, आमची गाडी पाहून ग्लास हातात घेऊनच धावत आला. “अंकल, माझ्या आजोबांकडे हीच होती!” मग काय, दोघांचे जमलेच.

मस्टँगचीही मोठी कहाणी आहे. अमेरिकेत 1964 साली दोन गोष्टी घडल्या. पाँटिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत सहा लिटरहून मोठे इंजिन घालून जीटीओ काढली. मसल कारचे युग तिथून सुरू झाले असे बहुतेक जण मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली आणि पहिल्या वर्षभरातच चार लाखांवर गाड्या खपल्या. परवडणारी किंमत, दांडगे इंजिन, गिऱ्हाईक तरुण. पेट्रोल तेव्हा पाण्याच्या भावाने मिळत होते. 1973 च्या तेलसंकटाने आणि धुराच्या कडक नियमांनी ती मस्ती उतरवली. 1974 ची मस्टँग तर आठ सिलिंडरच्या इंजिनाविनाच आली. आपल्याकडे फोर्डने ही गाडी अधिकृतपणे आणली ती 2016 मध्ये: पाच लिटर, सुमारे चारशे अश्वशक्ती आणि किंमत साठ लाखांच्या वर.

तरुणाने मामांना शेजारी बसवून चक्कर मारून आणले. मला वाटले, आता ‘जुने ते सोने’ ऐकावे लागणार. मामा उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ब्रेक काय आहेत रे! नातवंडांना न्यायचं असेल तर मी हीच घेईन. आमच्या वेळी ब्रेक दाबायचा आणि मारुतीरायाचं नाव घ्यायचं.” एअरबॅग, ओल्या रस्त्यावर चाके घसरू न देणारी यंत्रणा, दर लिटरमागे कमी धूर, या सगळ्याचे त्यांनी मनापासून कौतुक केले.

मग बॉनेट उघडायला सांगितले. आत काळे प्लास्टिकचे झाकण. मामा बराच वेळ बघत राहिले. “इथे माझ्यासारख्याला काही कामच नाही,” एवढेच म्हणाले.

परतताना त्यांनी मला ते काम समजावले. स्पार्क प्लग काढून पाहायचा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर गाडी खूश. काळे पडले असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढुरके असेल तर कमी. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे, हे कानाने ठरवायचे. नव्या गाडीत हे सारे नळीतला सेन्सर आणि एक छोटा संगणक करतो, सेकंदात कित्येक वेळा, आणि मामांच्या कानापेक्षा बिनचूक. मामा ते मान्य करतात. फक्त आनंद कोणाला होतो, हा त्यांचा प्रश्न.

गंमत म्हणजे या दोन्ही विद्यांचे घर बंगळूरच. 1951 साली मायको कंपनी इथे सुरू झाली. तिचे स्पार्क प्लग देशभरच्या गाड्यांत होते. तिचेच नाव 2008 मध्ये बॉश झाले आणि आता गाड्यांच्या संगणकांसाठीचे सॉफ्टवेअर याच शहरात लिहिले जाते. मर्सिडीजचे संशोधन केंद्रही इथे 1996 पासून आहे. विजेवर चालणारी रेवा 2001 मध्ये इथलीच. अमेरिकेत डॉज कंपनीने 2023 च्या अखेरीस आठ सिलिंडरच्या चार्जर आणि चॅलेंजर बंद केल्या आणि पुढे विजेची चार्जर आणली. तिला इंजिनाचा आवाज नाही, म्हणून कृत्रिम गर्जना बसवली आहे. हे सांगितल्यावर मामा इतके हसले की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही.

मल्लेश्वरमला सीटीआरमध्ये बेण्णे दोसा खाताना मात्र ते गप्प होते. डिसेंबर 2025 मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा नूतन केली. वीस वर्षांवरच्या मोटारीला आता दहा हजार रुपये शुल्क, वर राज्याचा हरित कर. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेजचा वेगळा मान मिळतो. ही पस्तिशीची, धड नवी नाही, धड पुराणवस्तू नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून मामांनी सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, गॅस्केट दोनदा बदलले. सुटे भाग जे.सी. रोडवर एका दुकानात मिळत, तो म्हातारा दुकानदार दुकान आवरायच्या बेतात आहे. मुलगा अमेरिकेत, फोनवर म्हणतो, बाबा, विका. गिऱ्हाईकही आले आहे. त्याला गाडी काळी रंगवून, रुंद चाके लावून, आत मोठे जपानी इंजिन घालायचे आहे. खरीखुरी मसल कार करायची म्हणे. पैसे चांगले देतो.

“वाईट नाही रे त्याची कल्पना,” मामा म्हणाले. “गाडी पळेल तरी. पण मग ती माझी कॉन्टेसा कुठली?”

“आयुधपूजेपर्यंत थांबा,” मामी म्हणाल्या. दरवर्षी त्या गाडीला झेंडू घालतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि इथल्या रीतीप्रमाणे कुंकू भरलेला कोहळा फोडतात. महिनाभर न बोललेल्या याच मामी!

घरी आलो तर दारात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा उभा. हुबळीचा, कुठल्याशा कंपनीत गाड्यांच्या गिअरचे प्रोग्रॅम लिहितो. दर रविवारी तो दोन तास मामांकडे शिकायला येतो, हे मला मामींनी सांगितले. त्याने बॉनेट उघडले, स्क्रूड्रायव्हर घेतला. मामा पायरीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“जास्त झालं. अर्धा फेरा मागे.”

इंजिनाचा सूर बदलला.

“आता?” मुलाने विचारले.

“तूच सांग,” मामा म्हणाले.