अकरा महिन्यांचे रोजे

रमजान आता कॅनडात सगळ्यांना ठाऊक झाला आहे. सुपरमार्केटात खजुरांची खोकी दर्शनी भागात मांडलेली असतात, ऑफिसातला शेजारी 'पाणीसुद्धा नाही?' असं दरवर्षी न चुकता विचारतो. मला सांगायचं आहे ते उरलेल्या अकरा महिन्यांतल्या रोज्यांबद्दल. ते धरले तर सवाब, न धरले तर गुन्हा नाही. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत त्यांना नफिल रोजे म्हणतात.

गुरुवार आणि एकादशी धरणाऱ्या घरात तुम्ही वाढला असाल तर यादी परकी वाटणार नाही. सोमवार आणि गुरुवार. प्रत्येक चांद्र महिन्याची १३, १४ आणि १५ तारीख, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचे 'पांढरे दिवस'. रमजान ईदेनंतर शव्वालचे सहा. जिलहजची ९ तारीख, म्हणजे अरफा. मोहरमचा दहावा दिवस, आशुरा. त्याला जोडून नववाही धरतात. हा आशुरा भारतात २०२४ मध्ये १७ जुलैला आला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. दोन्ही वर्षी त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. फक्त आमच्याकडे साबुदाणा नाही!

सवाबाचे हिशेब हदीसमध्ये आहेत. रमजानचे तीस आणि शव्वालचे सहा मिळून छत्तीस, चांगल्या कामाचं फळ दहापट, म्हणजे तीनशे साठ: वर्षभर रोजे धरल्यासारखं. आशुऱ्याने मागच्या वर्षाचे गुन्हे माफ होतात, अरफाने मागच्या आणि पुढच्याही. आलिम लोक लगेच बजावतात की हे लहानसहान गुन्ह्यांचं झालं. मोठ्यांसाठी तौबा वेगळी, आणि कुणाचे पैसे बुडवले असतील तर ते त्यालाच परत करायचे. रोज्याने ते फिटत नाहीत. मला हे कलम फार आवडतं.

पण त्याच परंपरेत असंही आलं आहे की बाकीच्या कामांचं फळ दहापटीपासून सातशेपटीपर्यंत, रोजा मात्र खास अल्लासाठी आणि त्याचं फळ तोच देणार. किती, ते सांगितलेलंच नाही. मला वाटतं, याचं कारण रोजा दिसत नाही हे असावं. नमाज दिसते, जकात घेणाऱ्याला कळते. रमजानात तर सगळा समाजच बरोबर उपाशी असतो, मशिदीत इफ्तारची पंगत असते. एखाद्या साध्या गुरुवारी मिसिसॉगाच्या ऑफिसात मात्र कुणालाच पत्ता नसतो. दुपारी चारला डोकं तापतं, तिखट ईमेल लिहून होतो, आणि तो पाठवायचा नाही हे आठवतं. भुकेपेक्षा हाच भाग अवघड.

इथे दिवसही सोपे नाहीत. २०२४ चा अरफा जूनच्या मध्यावर आला. टोरोंटोकडे तेव्हा पहाटे चारच्याही आधीपासून रात्री नऊपर्यंत रोजा. उत्तरेला इनुविकमध्ये तर उन्हाळ्यात सूर्य कित्येक आठवडे मावळतच नाही. तिथली मशीद २०१० मध्ये विनिपेगहून ट्रक आणि बार्जवरून नेलेली. तिथले लोक रोज्यासाठी एडमंटनचं घड्याळ पाळतात.

त्यात तारखेचा घोळ. काही मशिदी सौदीचा निर्णय मानतात, काही इथला चंद्र. त्या वर्षी १६ जूनला आई कोकणात अरफाचा रोजा धरून होती, आणि आमच्या मशिदीत ईदची नमाज झाली. ईदेच्या दिवशी रोजा हराम. म्हणजे तिथे ज्या दिवशी उपाशी राहण्याचं एवढं मोठं फळ, त्याच दिवशी इथे खाणं सक्तीचं. मी आईशी वाद घालत नाही. आपापल्या गावाच्या चंद्राबरोबर जावं.

नफिल रोज्याला सवलतीही खूप आहेत. पहाटेपासून काही खाल्लं नसेल तर दुपारच्या आत नियत करता येते. अरफाच्या दिवशी हाजींनी स्वतः रोजा धरू नये असंच सांगतात. आणि आम्ही शाफई, त्यामुळे पाहुणा आग्रह करत असेल तर रोजा मध्येच सोडता येतो, भरपाईसुद्धा नाही. सोडता येत असताना धरून ठेवायचा, हेच मला या रोज्यांत मोलाचं वाटतं.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर डिसेंबर निवडा. थंडीतल्या रोज्याला जुन्या लोकांनी न लढता मिळालेली लूट म्हटलं आहे. टोरोंटोत पावणेपाचला सूर्य मावळलेला असतो. मी ड्रॉवर उघडतो, एक खजूर खातो, पाणी पितो आणि पाचच्या मीटिंगला जातो.