दिवसाढवळ्या डिपर

शिरोळमध्ये चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकायची म्हणजे आधी घरच्यांची थट्टा झेलायची, मग उसाचे ट्रॅक्टर. माझं शिकणं नेमकं गाळप हंगामात आलं. शिकवणारे मामा एके काळी स्वतः कारखान्याला ऊस ओढायचे. त्यांचा हट्ट एकच, "वैनी, सकाळी कुणीबी शिकवंल. तुमी दिवेलागणीला या."

नृसिंहवाडीच्या रस्त्याला दोन्हीकडं ऊस उभा. स्टिअरिंगच्या उजव्या दांडीचं टोक एकदा फिरवलं की पार्किंग लाईट, आणखी एकदा फिरवलं की हेडलाईट. दांडी पुढं ढकलली की अप्पर आणि काट्यांशेजारी निळा दिवा. "निळं दिसलं की समोर बघा, कोण येतंय का," मामा म्हणायचे. समोरून बैलगाडी आली तर आधी बैलांचे डोळे चमकतात, गाडी नंतर दिसते. पुढं चाललेली असली तर तेही नाही. नुसती वाढ्यांची काळी झुपकी रस्त्यावर लोळत असतात. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचं गाणं मैलभर ऐकू येतं, मागचं रेडियम मात्र धुळीनं मढलेलं. समोरच्यानं अप्पर सोडलाच नाही तर त्याच्या दिव्याकडं बघायचं नाही, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवून वेग कमी करायचा. आणि कुणाच्या मागं असलो तरी डिपरच, नाहीतर आपला उजेड आरशातून त्याच्या डोळ्यांत जातो. हे मात्र भल्याभल्यांना पटत नाही.

परीक्षा मात्र भर उन्हात. मैदानावर रांग, साहेब गाडीपुढं उभे. "डिपर दाखवा." दाखवला. त्या उन्हात त्यांना काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

"दिवे कधी लावायचे?"

"सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं."

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसंच आहे, म्हणून तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच नियमात पुढं असंही आहे, की पुरेसा उजेड नसेल आणि १५५ मीटरवरचं माणूस किंवा वाहन स्पष्ट दिसत नसेल, तर कुठल्याही वेळी लावायचे. आमच्याकडं तो अर्धा तासच सगळ्यांत वाईट. आभाळात उजेड असतो, उसाच्या बोळात नसतो. डोक्यावर वैरण घेतलेली बाई अगदी जवळ आल्यावर दिसते. तेही मी सांगितलं. साहेबांनी मान वर करून पाहिलं, "शिकवलं कुणी?" मी मामांकडं बोट केलं. ते लिंबाखाली चहा पीत होते, त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

ही परीक्षा संध्याकाळी सातला, उसाच्या रस्त्यावर घ्यावी असं माझं ठाम मत आहे. निम्मी रांग घरी जाईल, जाऊ दे.

माझ्यामागं विशीतला एक पोरगा होता. त्यालाही डिपरचंच विचारलं.

"साहेब, आमच्या ट्रॅक्टरला एकच लाईट हाय. त्यो बी वर बघतोय."

"मग आधी तो खाली बघायला लाव," साहेब म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली.