बोटीवरचं कॉलेज आणि मॉरिशसचा एक दिवस

आम्हा दौंड-शिरूरकडच्या बायकांचा समुद्राशी संबंध मिठापुरता. माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. तिकडे भीमा, इकडे घोडनदी. नावेत बसायचं ते सिद्धटेकच्या गणपतीला जाताना, शिरापूरहून नदी ओलांडायला. आता तिथे पूल झाला आणि तेवढंही संपलं. अशा घरात धाकट्या बहिणीचा अमेरिकेहून फोन आला की, लेक साडेतीन महिने बोटीवर राहून कॉलेज करणार आहे. काय गोंधळ उडाला असेल, तुम्हीच बघा!

“बोटीवर कसलं कॉलेज?” हा माझ्या आईचा पहिला प्रश्न. आणि लगेच दुसरा, “जेवणाचं काय?”

प्रश्न तुम्हालाही पडला असेल, म्हणून सांगते. ‘सेमिस्टर ॲट सी’ असं त्याचं नाव. १९६३ साली वेगळ्या नावाने हा उपक्रम सुरू झाला. निरनिराळ्या कॉलेजांतली मुलंमुली एका मोठ्या बोटीवर राहतात. बोटीवरच वर्ग, ग्रंथालय, प्राध्यापक, परीक्षासुद्धा. बोट समुद्रात असली की तास भरतात आणि बंदराला लागली की मुलं गाव बघायला उतरतात. जेवण बोटीवरच मिळतं, हेही आईला दोनदा सांगावं लागलं.

तिची समजूत घालायला मी म्हटलं, “अगं, आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन बोटीने विलायतेला गेल्या. आनंदीबाई जोशीही त्याच वर्षी अमेरिकेला गेल्या, त्या तर नवऱ्यावाचून.” केडगाव आमच्याच दौंड तालुक्यातलं, रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथेच आहे, त्यामुळे हा दाखला लागू पडेल असं मला वाटलं होतं. पण आई कसली ऐकतेय! म्हणाली, “त्या शिकायला गेल्या होत्या. ही फिरायला चाललीय.”

तर २०१८ च्या जानेवारीत भाची निघाली. जपान, चीन, व्हिएतनाम करत बोट कोचीला आली तेव्हा माझा भाऊ तिला भेटायला गेला. आईने डिंकाचे लाडू आणि शंकरपाळ्यांचा डबा दिला होता. गुडघ्यांमुळे तिला जाता आलं नाही, आणि नात भारतात येऊन आपल्याला न भेटता गेली, हे मात्र तिच्या मनाला लागून राहिलं.

कोचीहून बोट निघाली. आठवडाभर नुसतं पाणी, रोजचे तास आणि अभ्यास. मग मार्चमध्ये मॉरिशस. मुक्काम जेमतेम एका दिवसाचा. त्या रात्री आलेला फोन मी आईजवळ बसून ऐकला. पोरगी इतकी खुशीत होती की अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी आणि मध्येच नुसतं हसणं. सकाळी समुद्रात मनसोक्त डुंबली होती. किनाऱ्यालगत पाणी निळंहिरवं आणि शांत असतं म्हणे, कारण बाहेर पोवळ्यांची रांग लाटा अडवते. दुपारी पोर्ट लुईच्या बाजारात ‘धोलपुरी’ खाल्ली.

ही धोलपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची चुलतबहीणच, फक्त गोड नाही. चण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पण फार नाही; बोटाने चेपली की मोडावी इतपतच. पाणी पुरतं निथळून ती कोरडी, मोकळी वाटायची. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ घालून मैद्याच्या गोळ्यात भरायची आणि पातळ लाटून तव्यावर भाजायची. तिथे दोन-दोनच्या जोडीने विकतात, आत शेंगदाण्यांची रसभाजी, चटणी घालून गुंडाळून हातात. शेंगदाणे म्हणजे आपले भुईमुगाचे नव्हेत हं, मोठे पांढरे घेवड्याचे दाणे.

तर ती गुंडाळी खात उभी असताना एका वयस्क बाईंनी तिला विचारलं, कुठली गं तू? भाचीने सांगितलं, राहते अमेरिकेत, पण आजी महाराष्ट्रातली. बाईंनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आमी मराठी.” त्यापुढचं मराठी त्यांना येईना. घरात त्या क्रिओल बोलतात. आमच्या भाचीचं मराठीही आईला फोनवर ‘मी बरा आहे’ म्हणण्यातलं! मग दोघींना येतं असं काय निघालं, तर गणपतीची आरती. भर बाजारात दोघी टाळ्या वाजवत म्हणायला लागल्या. शेजारची भाजीवाली मिळाली, भाचीच्या दोन अमेरिकन मैत्रिणींनी ताल धरला. “मावशी, माझा सगळ्यात छान दिवस,” असं ती मला तीनदा म्हणाली.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं कराराने मॉरिशसला गेली, मुख्यतः उसाच्या मळ्यांवर. बरीचशी बिहारकडची, आपली मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली, त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. ज्या दगडी पायऱ्या चढून ती बेटावर आली तो ‘आप्रवासी घाट’ पोर्ट लुईला आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. कारकुनाने जे नाव लिहिलं तेच पुढे कितीतरी घरांचं आडनाव झालं. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात ते तुम्ही पाहिलंच असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, मळ्याकडेला कोपी, कोपीत झोळीतलं पोर. आई म्हणाली, “म्हणजे ऊसतोडच की ती. फक्त पट्टा पडल्यावर घरी जायची सोय नाही. आणि बाया कशा गेल्या असतील गं? कुणी विचारलं तरी असेल का त्यांना?”

मग मात्र ती नातीच्या बोटीची चौकशी रोज करू लागली. एप्रिलमध्ये आपल्या नौदलाच्या सहा अधिकारी मुलींची ‘तारिणी’ ही शिडाची नौका जगप्रदक्षिणा करताना सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसलाच थांबली होती. त्या मुली २१ मेला गोव्याला सुखरूप परत आल्या. ते कात्रण आईने देवघराच्या फळीवर ठेवलं, अजून तिथेच आहे.

भाची आता दर रविवारी आजीकडून मराठी शिकते. पहिल्याच रविवारी तिने आरतीतल्या दोन शब्दांचे अर्थ विचारले. आईला एकच सांगता आला. दुसऱ्यासाठी तिने मला गुरुजींकडे पिटाळलं. सत्तर वर्षं म्हणतेय, पण कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणाली.

धोलपुरी मी एका संकष्टीला करून पाहिली. पहिल्या दोन फाटल्या, डाळ जरा ओलसर राहिली होती. आईने चवीने खाल्ली, आणि म्हणाली, “चांगली झालीय. थोडा गूळ घातला असता तर?”