कुत्रा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

‘जीवनसत्त्व’ हा शब्दच असा मंगल आहे की, त्यात अपाय दडलेला असेल अशी शंकाही कोणास येत नाही. म्हणूनच घरच्या कुत्र्याने गोळ्यांचे पाकीट फस्त केले असता, “टॉनिकच ते, धष्टपुष्ट होईल!” असे म्हणून मंडळी हसतात. धनज येथे आम्ही हे उद्गार अनेकदा ऐकले आहेत. त्याकरिताच हे चार शब्द.

मौज अशी की, या विद्येत कुत्र्याचे आपणांवर मोठे ऋण आहे. १९१९ साली इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून, कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस बरा होतो, असे दाखविले. पुढे त्या गुणकारी द्रव्यास ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले. परंतु हेच द्रव्य उंदीर मारण्याच्या काही विषांतही घालतात! आठवड्यास एक म्हणून माणसांस देतात त्या कॅप्सूलमध्ये त्याची ६०,००० एकके असतात. दहा किलोच्या कुत्र्यास अशी एकही बाधू शकते. चार गिळल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होण्याचे भय असते.

ब आणि क जीवनसत्त्वे बहुधा लघवीवाटे निघून जातात. लोहाचे तसे नव्हे. ६० मिलिग्रॅम लोहाच्या दहा गोळ्या तेवढ्याच कुत्र्याच्या जिवावर बेततात. शिवाय हे विष मोठे कपटी! आरंभी वांत्या व रक्ती जुलाब होतात. मग काही तास उतार पडल्यासारखा भासतो. आणि त्यानंतर यकृतावर घाला येतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हेच घडले. आईच्या लोहाच्या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या. दुपारी तो शांत निजलेला पाहून, “आता बरा आहे,” असे वडील माणसे म्हणाली. मुलाने मात्र रिकामे पाकीट मोजले, तेरा गोळ्या कमी भरल्या, आणि त्याने हट्टाने पशुवैद्यांस बोलावून आणविले. सलाइन व औषधे वेळीच मिळाल्याने ते जनावर वाचले.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, असा प्रसंग आल्यास पाकीट जपून ठेवा, गेलेल्या गोळ्या मोजा, वेळ व कुत्र्याचे अंदाजे वजन लिहून घ्या, आणि त्याच घटकेस पशुवैद्यांस किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. पहिल्या एक-दोन तासांत वैद्य सुरक्षितपणे वांती करवू शकतात. मिठाचे पाणी, दूध वा तेल आपल्या मनाने पाजू नका. गोड चघळण्याच्या गोळ्यांत झायलिटॉल असल्यास अर्ध्या तासातच कुत्र्याची रक्तशर्करा घसरू शकते. तेथे क्षणाचाही विलंब नको.

आणखी एक. शाळेत मिळणारी निळी गोळी नकोशी वाटून काहीजण ती कुंपणापलीकडे भिरकावतात. तेथे गावची कुत्री हिंडतात. ती गोळी तुमच्या रक्तासाठी आहे. जेवण करून ती गुरुजींसमोर घ्यावी. पालकांनीही औषधे उंच फडताळात ठेवावी. आपण किती गोळ्या खाल्ल्या, हे मुक्या जिवास सांगता येत नाही. तो हिशेब आपणच ठेविला पाहिजे.