अण्णांनी आवळलेला प्लग

मैत्रिणींनो, मोटारीच्या इंजिनावर मी लिहायला बसले म्हणून तुम्ही हसाल. हसा खुशाल! मलाही गेल्या दिवाळीपर्यंत प्लग म्हटलं की इस्त्रीचाच आठवायचा.

आमचं घर चिंचणीला, समुद्राच्या वाऱ्यावर. माझे सासरे, अण्णा, तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला होते. त्यांनी १९८१ साली नंबर लावून गाडी घेतली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, आमच्या तोंडी मात्र फियाटच. अण्णा गेले आणि पुढचे सहा पावसाळे ती शेडमध्येच उभी राहिली. सासूबाई रोज पदराने तिची काच पुसत. "एकदा पुढच्या सीटवर बसून बोईसरला जाऊन यायचंय गं," एवढंच त्यांचं मागणं. वय त्र्याऐंशी.

म्हणून ह्यांनी दिवाळीच्या सुट्टीत इंजिनाचे प्लग काढायला घेतले. तीन निघाले, चौथा हलेना. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, मिस्त्रींना बोलवू." पण ऐकतील तर ना! पान्याला पाइप लावून जोर केला, आणि कट्! पान्यात बसणारा वरचा भाग आणि चिनीमाती हातात आली. आट्यांची नळी आतच राहिली.

हे मटकन खाली बसले. "शेवटचा अण्णांनी आवळला होता गं हा." अण्णा गेले तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. सकाळी म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावतो." सासूबाई गप्प. त्या दिवशी काच पुसायलाही गेल्या नाहीत.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने "ड्रिल मारून टाकू" म्हणून सांगितलं. मला धीर होईना. मग अण्णांच्या वेळचे म्हातारे मिस्त्री आठवले. पालघरला राहतात. डहाणू लोकलने बोईसरला उतरून, तिथून रिक्षाने आले.

त्यांनी आधी चहा घेतला, मग बॅटरी मारून भोकात पाहिलं. म्हणाले, "वहिनी, प्लग लोखंडाचा, इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं. खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना धरून बसतात." गंज सोडवायचं तेल थेंबथेंब सोडून, हलकेच ठोकून ते चक्क परत गेले! दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचं काम माझ्याकडे. (शिलाई मशीनचा गंजलेला स्क्रूही असाच सुटतो, बरं का. तेल सोडा आणि रात्रभर विसरा.)

तिसऱ्या दिवशी त्यांनी उकळतं पाणी मागितलं. पेट्रोलजवळ ज्योत नको, म्हणून भोकात बोळा बसवून, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी शेक द्यायचा! लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे पकड सैल होते. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण आपण गरम पाण्याखाली धरतो, तेच हे. मी पातेल्यांवर पातेली उतरवत होते.

मग बोळा काढून, उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ग्रीस लावून पोकळ नळीत बसवला. ही कडक पोलादाची निमुळती सळई. डावीकडे फिरवली की आत रुतते आणि तुकड्यालाही डावीकडेच ओढते. पण जोर केला तर तीच आत मोडते, आणि मग साधं ड्रिलही तिच्यावर चालत नाही. म्हणून मिस्त्री पाव फेरा सोडवायचे, थोडं मागे घ्यायचे, पुन्हा तेल. ह्यांनी दोनदा हात पुढे केला, दोनदा मिस्त्रींनी बाजूला सारला.

बारीकसा कर्र आवाज झाला. तुकडा फिरला!

बाकी सगळं मग सोपं. आटे पुसले, आतला कचरा ओढून घेतला. नवा प्लग ह्यांनी लावला, आधी नुसत्या बोटांनी, मिस्त्रींच्या देखरेखीखाली.

इंजिन चालू झालं तेव्हा सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. ब्रेकचं काम अजून व्हायचंय, नव्याने नोंदणीही करायची आहे, तेव्हा बोईसर लांबच. त्या शेडमध्येच दहा मिनिटं बसल्या. उतरताना त्यांनी तो तुकडा मागून घेतला. रॉकेलने धुऊन दिला. हल्ली त्यांच्या बटणांच्या डब्यात असतो.