लुईस माउंटन : डोंगरावरची ती पाटी

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनपासून सुमारे १२० किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज नावाची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून १०५ मैलांचा 'स्कायलाइन ड्राइव्ह' हा रस्ता जातो. हेच शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान. पुतण्या तिकडे नोकरीला असल्यामुळे ते पाहण्याचा योग आला. ऑक्टोबर महिना होता. ओक आणि मेपलच्या पानांनी डोंगर पिवळे-तांबडे झाले होते आणि रस्त्याकडेला हरणे निर्धास्त चरत होती.

साडेसत्तावन्न मैलांच्या खुणेपाशी लुईस माउंटन लागते. लाकडी खोल्या, तंबूंची जागा, एक छोटे दुकान. गोरी, काळी, आपल्यासारखी सावळी कुटुंबे शेजारी शेजारी बसून जेवत होती. पाहून समाधान वाटले. परंतु याच जागेचा इतिहास आपल्या समाजाने वाचावा असा आहे.

हे उद्यान १९३५ साली स्थापन झाले. त्यासाठी डोंगरातल्या शेकडो गरीब कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. उद्यान सरकारी पैशाने उभे राहिले, पण व्हर्जिनियातील वर्णभेदाची रीत तेथेही पाळली गेली. १९३९ साली लुईस माउंटन हे काळ्या लोकांसाठी वेगळे ठिकाण म्हणून उघडले आणि तशी पाटी रस्त्यावर लावली गेली. झाडे, वारा, झरे यांना जात नव्हती. पाटी माणसांनी लावली होती!

ती पाटी केवळ काळाच्या ओघात गेली नाही. विल्यम ट्रेंट नावाचा एक काळा तरुण, व्यापारशास्त्राचा उच्च पदवीधर, तेव्हा गृहखात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकिस यांचा सल्लागार होता. उद्यानांत भेदभाव नको, असा आग्रह त्याने खात्याच्या आत बसून धरला. त्यातून आधी पिनॅकल्स येथील सहलीची जागा सर्वांसाठी खुली करण्याचे ठरले. १९५० पर्यंत संपूर्ण उद्यान सर्वांना खुले झाले. हेच ट्रेंट १९४४ पासून काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयांसाठी निधी उभारणाऱ्या संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक होते. पाटी काढायची तर शिकलेली माणसे हवीत, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे याच विचाराने निसर्गरक्षणाच्या क्षेत्रातही फेलोशिप सुरू झाल्या. २०१३ साली डोरिस ड्यूक प्रतिष्ठानाने या क्षेत्रात कमी दिसणाऱ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी योजना काढली. विद्यावेतन घेऊन मुलांनी सुट्टीत रानात काम करायचे, संशोधन करायचे आणि निसर्गरक्षणाचे काम आतून शिकायचे, अशी ती कल्पना.

बांधवांनो, हे आपल्याला नवे नाही. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली याच अमेरिकेत शिकायला गेले. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते; तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. कायदा लिहिणाराही आपला हवा आणि तो अमलात आणणाराही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपली कान्हेरीची लेणी आहेत, आदिवासींचे पाडे आहेत. तेथे कोणती वाट खुली, कोणती बंद, पाड्यांचे काय करायचे, हे कचेऱ्यांत ठरते. त्या टेबलाशी आपली किती मुले आहेत? आपली मुले इंजिनिअर, डॉक्टर, बँक अधिकारी झाली, याचा अभिमान आहेच. आता काहींनी वनशास्त्र, पर्यावरण कायदा, पाण्याचे धोरण शिकावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती प्रत्येक विहारातल्या फलकावर लागली पाहिजे.

डोंगरावर फिरायला जाणे ही श्रीमंतांची चैन नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. आणि हक्क राखायला अभ्यास लागतो.